काकासाहेबांचा बँड

विलायतेतल्या रॉक बँडवाल्यांविषयी काकासाहेब असे बोलत, जणू ते सगळे देवगाव रंगारीला त्यांच्याच आळीत राहायला होते. वाळूजच्या आमच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, की पहिला घास घेण्याआधी त्यांचं सुरू व्हायचं. "तुम्हाला सांगतो, एक गिटारवाला होता. तुमच्याआमच्यासारखा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. कामाचा शेवटचा दिवस, अन् मशीननं दोन बोटांची टोकं नेली. सगळे म्हणले, संपलं. पठ्ठ्यानं प्लास्टिकची बाटली वितळवली, टोपणं करून बोटांवर चढवली. पुढं बोटांना सोसावं म्हणून तारा ढिल्या केल्या. त्यातून असा जड आवाज निघाला, की जगभर पोरं तसंच वाजवायला लागली." प्रेस शॉपमधली, पत्रा दाबायच्या मशीनवरची माणसं ही गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावत.

काकासाहेब आणि मी, दोघंही तपासणी विभागात. ते माझ्याहून वयानं बरेच मोठे, घरचे जमीनजुमलेवाले; मी शहरातल्या बौद्ध वस्तीत वाढलेला. कॉलेजात असताना ते दर रविवारी वेरूळला जात. लेण्यांसाठी नव्हे. तिथल्या लॉजवर परदेशी पोरं उतरत आणि जाताना इंग्रजी गाण्यांची मासिकं टाकून जात. काकासाहेब ती उचलून आणत आणि शब्दकोश घेऊन वाचत. त्यातलीच एक गोष्ट: एका अमेरिकी बँडच्या कार्यक्रमाच्या करारात अट असे, की आमच्या बसायच्या खोलीत रंगीत चॉकलेट गोळ्यांचा वाडगा ठेवा, पण त्यात तपकिरी गोळी एकही नको. आम्ही हसलो, तर ते म्हणाले, "माज नाय तो. तपकिरी गोळी दिसली, की समजायचं, समोरच्यानं करार वाचलाच नाय. मंग स्टेज, वायरी, सगळं पुन्हा तपासायचं. याला म्हणतात तपासणी."

एक गोष्ट मात्र ते नेहमी अर्धवट सोडत. लंडनच्या एका बँडची. ज्यानं तो बँड उभा केला, पहिली गाणी लिहिली, त्याचंच डोकं पुढं ठिकाणावर राहिना. एकदा बाकीचे कार्यक्रमाला निघाले. गाडीत कुणीतरी विचारलं, त्याला घ्यायचं का? दुसरा म्हणाला, राहू दे. "अन् गाडी पुढं गेली," इतकं बोलून काकासाहेब डबा धुवायला उठत.

"पुढं काय झालं त्याचं?" मी एकदा विचारलं.

"काही वर्षांनी त्यांचं रेकॉर्डिंग चालू असताना स्टुडिओत आला. अंगानं सुटलेला, भुवया काढलेल्या. कोपऱ्यात बसून राहिला. एकालाही ओळखू आला नाय."

मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या दिवशी मी विभागात पेढे वाटले. काकासाहेबांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. संध्याकाळी कंपनीच्या बससाठी उभे होतो, तरी तो त्यांच्या हातात तसाच.

"लई वर्षांपासून तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले. "आमचा बी बँड होता. चौघं होतो. अशोक ड्रम वाजवायचा. हात असा, की आम्ही बाकीचे नुसते त्याच्या मागं पळायचो."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हाची ही गोष्ट. मराठवाड्यात गावोगाव आमच्या लोकांच्या वस्त्या जळत होत्या. चिकलठाण्याला एका नव्या कारखान्याच्या उद्घाटनात ह्यांचा कार्यक्रम ठरला होता, काकासाहेबांच्या चुलतभावाच्या ओळखीनं. अशोक आमच्यातला, म्हणून भावानं बजावलं, त्या पोराला आणलं, तर पुन्हा गावात पाय ठेवू नको. अशोक ठरल्याप्रमाणं वस्तीच्या कोपऱ्यावर उभा होता. पांढरा शर्ट, हातात ड्रमच्या काड्या. जीप काकासाहेब चालवत होते.

"मागून एकानं विचारलं, अशोकला घ्यायचं ना? 'राहू दे' म्हणणारा मीच. त्यानं हात बी वर केला. मी वेग वाढवला."

त्या वर्षी आमच्या घरी खेड्यांतून पळून आलेली माणसं राहिली होती. ती मला आठवत होती. पुढे काही दिवस मी काकासाहेबांसोबत जेवलो नाही. मग एकदा तेच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अशोक पैठणला असतो, धरणाच्या ऑफिसात. चलता का संगं?"

रविवारच्या एसटीनं आम्ही गेलो. अशोकनी दार उघडलं, काकासाहेबांना ओळखलं आणि आत बोलावलं. चहा आला. काकासाहेब बोलू लागले, तसं अशोकनी मध्येच थांबवलं.

"त्या संध्याकाळचं मला कळलं होतं, काका. दिवसच तसे होते. मी वाट पाहिली ती दुसऱ्या दिवशी. वाटलं, तू येशील, गाडी बंद पडली असं कायतरी खोटं सांगशील. मी ते खरं मानलं असतं. नंतर चार-पाच वर्षं मी त्याच शहरात होतो. नायच आलास." मग माझ्याकडे वळले. "अन् आज यांना कशाला आणलंस? एकट्याला भ्या वाटलं व्हय?"

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत बँडच्या गोष्टी बंद झाल्या. आम्ही आग्रह केला, तर म्हणत, "दुसऱ्यांच्या गोष्टी लई सांगितल्या." पैठणला मात्र ते जात राहिले, एकटे. तिथं काय बोलणं होई, ते मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. देवगावच्या स्मशानात गर्दीच्या कडेला मला अशोक दिसले. परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. न राहवून मी विचारलं, "माफ केलं होतं का तुम्ही त्यांना?"



"ते माझं मलाच नीट कळलं नाय," ते म्हणाले. "पण घरी आला, की चहा प्यायचा अन् उठून आपला कप आपणच विसळून पालथा घालायचा. पूर्वी त्यांच्या गावच्या हॉटेलात आमच्या माणसांना वेगळा ठेवलेला कप घालावा लागायचा तसा. मी दर वेळी म्हणायचो, ठेव खाली. त्यानं कधीच ऐकलं नाय."