धाकूच्या खोलीतले सात खिळे

शहाऐंशी साली आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गाड्या झाल्या सात आणि अंगणात मावत पाच. अध्यक्ष श्यामकांत प्रधानांनी तोडगा काढला, फाटकाजवळची वॉचमनची खोली पाडायची. त्या खोलीत वॉचमन धाकू आणि त्याची बायको रुक्मिणी राहत. धाकूची गिरणी बंद पडल्यापासून त्यांना मुंबईत दुसरं छप्पर नव्हतं. मी कमिटीत असून गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते.

धाकूने आठ दिवस मागून घेतले. गाड्यांपेक्षा मालकच जास्त जागा अडवतात, हे त्याने कधीच ओळखलं होतं. प्रत्येकाने आपल्या गाडीभोवती विटा नि कुंड्या मांडून जहागीर केली होती. धाकूने ते सगळं उचललं आणि चुन्याने सात पट्टे आखले. सकाळी लवकर निघणारी गाडी फाटकाशी, रविवारी फिरणारी आत. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक लावायचा नाही, म्हणजे वाट अडली तर धाकू ढकलून बाजूला करणार.

सगळ्यांनी ऐकलं. प्रधानांनी नाही! त्यांच्या फियाटला वर्षातून एकदा, दसऱ्याच्या हारापुरतं काम. पण फाटकाजवळची सावली त्यांनी सोडली नाही. रोज हँडब्रेक घट्ट ओढलेला आहे ना ते बघून, गाडीला कुलूप लावून, वर टायरला खडूने खूण करून ते लोकलने ऑफिसला जात.

आठव्या दिवशी मीटिंग भरली. प्रधान गरजले, "ही सगळी नाटकं आहेत. माझी गाडी आठ दिवस जागची हलली नाही. हलवायची कोणाची टाप आहे?"

"सायबानू," धाकू हात जोडून म्हणाला, "अकरा वेळा हलली. परत थयच लावलंय. खडूची खूण पुसली, ती पण मीच परत काढलंय."

प्रधानांनी खिसा चाचपला. किल्ली जागेवर होती.

"दुसरी मी दिली," मागून वसुधाताई, म्हणजे सौ. प्रधान, शांतपणे म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची गाडी रोज आपल्यामुळे अडत होती. आणि तुम्हाला काही कळलं तरी का?"

आम्ही इतके हसलो की खोली पाडायचा ठराव मांडायचाच राहिला. शेवटी प्रधानही ओशाळून हसले. खिशातली किल्ली काढून म्हणाले, "बरं बाबा, घे ही पण. सगळ्यांनीच धाकूकडे किल्ल्या द्या. पण सात जणांच्या किल्ल्या ठेवणार कुठे?"

"आमच्या खोलयेत," रुक्मिणी दारातून म्हणाली. "सात खिळे कालच मारलंय."