आबाजींच्या बापाचा दाखला

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, घरी आलेल्या पाहुण्याला कपाळावरची खोक दाखवल्याशिवाय चहा प्यायला देत नसत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे, पांढुर्ण्याला, गोटमार होते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात. खोक तिथलीच. पण ती नुसती सुरुवात असायची. खरी गोष्ट होती त्यांच्या वडिलांची. वऱ्हाडातून पोटासाठी आलेला तरणा गडी, जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मजुरी करायचा, आणि पांढुर्ण्यासाठी झेंडा आणायला गेला तो सावरगावचा गोटा लागून नदीतच पडला. आबाजी तेव्हा दोन वर्षांचे होते. तो गोटा केवढा होता हे मला पाठ होतं. दर वर्षी तो थोडा वाढायचा.

अशा घरात मला स्थळ आलं, तेही नेमकं सावरगावचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा एकवीस वर्षांची, टायपिंग शिकत होते. मुलगा तिकडच्या शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा पहिल्याच घासाला त्याला उचकी लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. मला विचारायचे ठरवून आणलेले प्रश्न त्याला एकही धड विचारता आला नाही. मी खाली मान घालून हसू दाबत होते, आणि मनात म्हणत होते, लग्न करीन तर या उचकीशीच.

आबाजींनी मुलाच्या आजोबांना खोक दाखवली, मग गोष्ट सांगितली. म्हातारबुवा शांतपणे चहा फुंकत होते. म्हणाले, "आमच्या गोट्यानं वऱ्हाडी माणूस मेला, असं आमच्या बापजाद्यात कोनी बोललं नाई बा."

झालं. आबाजी उभेच राहिले. "मंग मी काय लबाड बोलून राहिलो? सौसरले तहसिलीत मरनाची सरकारी वही हाये. पोरगी जाईन अन् दाखला आनीन. त्यात गोट्याचा मार नाई निंगाला, तं मी सोता हिले सावरगावले नेऊन देतो. निंगाला, तं या घरची पोरगी नदी पार जात नाई."

म्हणजे माझं लग्न आता साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका मरणावर टांगलं होतं. आबाजींना स्वतःच्या बापावर पूर्ण भरवसा होता. मला त्यातला अर्धाही मुलाच्या आजोबांवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई सौसरच्या बसमध्ये बसलो. आईनं पिशवीभर संत्री घेतली होती, कारण तिच्या मते कचेरीत रिकाम्या हातानं जाणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. रेकॉर्डखोलीतले बाबू भले निघाले. त्यांनी संत्री घेतली नाहीत, पण कोटवारांनी, म्हणजे गावच्या चौकीदारांनी, हिंदीत लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या काढून दिल्या आणि विचारलं, "तारीख?"

"गोटमारीचा दिवस," मी म्हटलं.

"साल?"

सालाचा पत्ता नव्हता. पांढुर्ण्याचा माणूस साल विसरेल, पोळा विसरणार नाही. तेव्हा मी प्रत्येक सालाची पांढुर्ण्याची वही घेऊन फक्त पोळ्याच्या आसपासची पानं चाळत गेले. धुळीनं शिंका आल्या. कुणी तापानं गेलेलं, कुणी साप चावून, एक म्हातारी नुसतीच 'बुढ़ापे से'. पणजोबा कुठंच नाहीत. प्रत्येक पानाला माझा जीव वर-खाली होत होता. सापडले तर लग्न गेलं, नाही सापडले तर आबाजी म्हणणार, नीट बघितलं नाही.

आई कंटाळली होती. बाजूला पडलेल्या वह्यांवर तिनं संत्र्याची पिशवी टेकवली होती. बाबू म्हणाले, "बाई, वही खराब होईन." तिनं पिशवी उचलली, ओल लागली का पाहायला वही उघडली, आणि तशीच थबकली. वही सावरगावची होती. दिवस माघातला. आबाजींच्या वडिलांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, दोन्ही बरोबर. उमर सव्वीस. निवासी सावरगाव. रुईच्या कारखान्यात मजदूर, बरारहून आलेला. मृत्यूचं कारण, बुखार. सूचना देणारा, पडोसी.

बाबूंनी उतरवून दिलेला दाखला जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून आम्ही बसमध्ये बसलो आणि मला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना. सौसरचा नाका गेला तरी मी हसतेच आहे. आई चिमटे काढत होती. "कोनाच्या मरनावर हासून राहिली, लाज नाई वाटत?" मग तिलाही फुटलं. डोळ्याला पदर लावून ती म्हणाली, "घरी गेल्यावर तूच वाच. मी चुलीपाशी राहीन."

मी वाचला. आबाजींनी तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी माझा आवाज आपोआप खाली आला. बसमध्ये हसले त्याची आता लाज वाटली. लग्न जिंकून आणलं होतं, पण म्हाताऱ्या माणसाचा बाप मी नदीतून उचलून एका झोपडीत तापानं फणफणत निजवला होता.

"कितीचा म्हनली?"

"सव्वीस."

"तुह्या भावाएवढा." मग त्यांनी विचारलं, "खबर कोनं देली?"

"शेजाऱ्यानं."

"म्हंजे एकटा नोता तो." त्यांनी कागद घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिले. "माय मले घेऊन इकडं आली असन मजुरीले. सावरगावचा हाय म्हनून पोट्ट्यायनं मले रोज झोडपलं असतं. म्हनून तिनं माह्या बापाले पांढुर्ण्याचा केला. अन् मेलेला मानूस थोडाच नाई म्हनते?"

आई चुलीपाशी खोटंच काहीतरी ढवळत होती. मग आबाजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. जवळ गेले तर म्हातारा हसत होता.

"चाळीस साल," ते म्हणाले, "चाळीस साल म्या बापाच्या गावावर गोटे फेकले. अन् नेम किती चांगला होता माहा."

त्या हसण्यात आम्ही तिघंही सापडलो. आई तर खालीच बसली. शेजारीण विचारायला आली की काय झालं, तर आबाजींनी तिला सांगितलं की त्यांचा बाप तापानं गेला, आणि पुन्हा हसू लागले. ती बिचारी घाबरून परत गेली.

लग्न उन्हाळ्यात झालं. दिलेल्या शब्दाप्रमाणे आबाजी नारळ घेऊन स्वतः मला सोडायला पूल ओलांडून आले. मांडवात त्यांनी इवायाला, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांना, खोक दाखवली नाही. त्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. चार दिवसांनी त्या दोघांनी गावातल्या जुन्या माणसांना विचारत विचारत जिनातल्या मजुरांच्या झोपड्या कुठं होत्या ती जागा शोधून काढली. तिथं आता गोठा होता.

मग आबाजी रोज यायला लागले. सकाळी पूल ओलांडायचा, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायचं, गोठेवाल्याशी बैलांवर बोलायचं, आणि दुपारी आमच्या ओट्यावर येऊन चहा मागायचा. आठ दिवस झाले तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरीच्या घरी मानसानं रोज येऊ नाई, लोक हासतेत." माझी पंचाईत झाली. मी चहा देताना कशीबशी ते आबाजींच्या कानावर घातलं.

त्यांनी कप खाली ठेवला. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, दाखला घडी करून तिथंच असायचा.

"तुह्या सासूले सांग," ते म्हणाले, "मी तुह्या सासरी नाई येत. तू सासरी आली पोरी, मी माहेरी येतो."