चिंगीचा समुद्र

दुपार आहे. संस्थेच्या अतिथिगृहातला पडदा मी ओढून घेतला आहे आणि डोळे मिटून पडले आहे. झोपायला नाही, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. यानाकडून आलेली आकडेवारी आज सकाळी सगळ्यांत आधी मी पाहिली आणि अजून कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. उद्या समारंभ आहे. तो होऊ द्यायचा की नाही, हे मला आजच ठरवायचं आहे.

आमचं यान गुरूभोवती फिरतं. गुरूच्या एका चंद्राला हेरलेकर सरांनी चिंगी म्हणायला सुरुवात केली, कारण तिचं खरं नाव घेताना त्यांची कवळी सरकायची. चिंगीवर वरून बघावं तर नुसता बर्फ. पण यान तिच्या जवळून गेलं की आमच्या मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राच्या, रेघेत दर वेळी एक लहानसा उंचवटा यायचा. बर्फाखाली खारं पाणी असेल तर तसाच यायला हवा. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि गुरूचं चुंबकत्व फिरलं की ते पाणीही आपलं थोडंसं चुंबकत्व दाखवतं. सरांनी उंचवटा पाहिला, समुद्र आहे म्हणाले, आणि त्याच पावसाळ्यात गेले. उद्या जाहीर व्हायचा आहे तो सरांचा समुद्र.

गेल्या फेरीत यानावरचा कॅमेरा बंद पडला. चिंगीजवळ कॅमेरा सुरू झाला की त्याची काच गोठू नये म्हणून एक हीटर लागतो, तोही या वेळी लागला नाही. आणि उंचवटा आला नाही.

म्हणजे समुद्र चिंगीचा नव्हताच, आमच्या हीटरच्या तारांचा होता. वीज नेणारी आणि परत आणणारी तार एकमेकींना पीळ घालून न्यायची असते, म्हणजे दोघींचं चुंबकत्व आपसात मिटतं. कुणीतरी त्या नुसत्याच शेजारीशेजारी सरळ नेल्या. एवढंच. इतक्याशा आळसातून आम्ही एक अख्खा समुद्र तयार केला.

फोन वाजतो. हेरलेकर काकू आहेत.

"वैजयंता, झोपली होतीस काय गं?"

"नाही काकू, बोला."

"उद्या मला तिथं बोलायला लावणार नाहीत की? मला नाही बाई जमायचं."

"नाही लावणार."

"आणि त्या समुद्राला ह्यांचं नाव द्यायचं नक्की आहे की? जन्मभर घरात पाय ठरला नाही ह्यांचा. कुठंतरी ठरला, एवढं तरी लोकांना कळू दे."

"तुम्ही जरा पडा काकू," मी म्हणते आणि फोन उशाशी ठेवते.

पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप भिंतीवरून वर सरकते आहे. मी तिच्याकडे बघत केसांतल्या पिना काढायला लागते, कारण झोपडीत जायचं आहे.

झोपडी म्हणजे आमची माळावरची चाचणीची खोली. सगळं लाकूड, खिळेसुद्धा पितळी. आत लोखंडाचा कण चालत नाही. पिना, घड्याळ, किल्ल्या आणि आणखी कुठले कुठले हूक बाहेर परातीत काढून ठेवावे लागतात, ते मी सांगत बसत नाही. अतिथिगृहाच्या दाराबाहेर आज तीच परात आहे. मी पिना टाकते. आवाज होत नाही. व्हरांडा पुढे पुढे अरुंद होत जातो आणि मग तो व्हरांडा नसतोच, यानाचा लांब दांडा असतो. यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वापासून दूर राहावा म्हणून मॅग्नेटोमीटर ज्याच्या टोकाला बसवतात, तो. खाली गुरूचे पट्टे सरकताहेत. दांड्याच्या टोकाला झोपडी आहे.

सर आत आहेत. हेच मुळात चुकीचं आहे. बायपासनंतर त्यांच्या छातीचं हाड पोलादी तारांनी शिवलं होतं, तेव्हापासून त्यांना स्वतःच्याच झोपडीत बंदी होती. माळावर लांब छत्री धरून उभे राहायचे आणि ओरडून ओरडून आमचा जीव खायचे.

"सर, तुम्ही आत कसे? रेघ हलेल."

"बघ की, हललीय का."

रेघ जागची हललेली नाही.

"तारा राहिल्या नाहीत आता," सर म्हणतात. "राखेत निघाल्या. धाकट्या लेकानं वेचून नदीत सोडल्या."

तेव्हा मला आठवतं की ते गेले आहेत. मी घाबरत नाही. मला फार बरं वाटतं.

सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आहे. ते पाण्यात उभे आहेत. झोपडीला जमीन नाही, छपराच्या जागी बर्फ आहे, आणि तो वर कुठेतरी कुरकुरतो आहे.

"हे पाणी कुठलं, सर?"

"कुठलं म्हणजे? चिंगीचं. मी इथंच असतो."

"कसं आहे इथे?"

"अंधार आहे. गार आहे. पण आहे."

ते हात पुढे करतात. मी उंबऱ्यावर बसून उजवा हात पाण्यात घालते आणि ते तो पाण्याखालीच धरून ठेवतात. डावीकडच्या भिंतीवर गिझरचं बटण आहे, घरी न्हाणीघरात असतं तसलं, तांबडा दिवा लागलेला. सर तिकडे मुद्दाम बघत नाहीत.

"ते राहू दे," ते म्हणतात.

"तुम्हीच सांगायचात सर. आकाशाबद्दल तोंड उघडण्याआधी आपलं एकेक यंत्र बंद करून बघायचं."

"सांगायचो. तेव्हा मला राहायला घर होतं."

मी बटणाकडे बघत राहते.

"यान लांबून गेलं म्हणून सांग," सर म्हणतात. "कॅमेऱ्यानं घोळ केला म्हणून सांग. कोण जातंय तिथं बुडी मारून बघायला?"

मला संताप येतो. हा माणूस जन्मात असं बोलला नसता. एका शंकेपायी माझा पहिला शोधनिबंध त्यांनी इतक्यांदा परत पाठवला होता की मी नोकरी सोडायला निघाले होते. आता तेच मला खोटं बोलायला सांगताहेत, आणि वाईट म्हणजे मला ते पटतं आहे. लांबून गेलं म्हटलं तर कुणीही मान डोलावेल.

"मग त्या समुद्रासाठी दुसरं यान पाठवतील, सर. बर्फाला भोक पाडायला. कितीतरी पोरांची उमेदीची वर्षं त्यात जातील."

"पाठवू देत. कुणीतरी येईल तरी. मला इथं बोलायला कुणी नाही, वैजयंता."

मला रडू फुटतं. त्यांच्या हातातला हात मी काढून घेत नाही. डावा हात लांब करून बटण बंद करते.

पाणी ओसरत नाही. ते नसतंच. खाली खडक, वर खडकाला भिडलेला बर्फ, मध्ये बोट शिरायला जागा नाही.

"रेघ सपाट झाली?" सर विचारतात. आवाज बर्फाच्या आतून येतो, जुन्या सवयीचा, कामातला.

"झाली."

मी पुन्हापुन्हा हाका मारते.

खोली तापली आहे. पडदा तसाच आहे. मी उठून बसते आणि उजवा हात बघते. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली आहेत, धुण्याच्या पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी. घाम असेल, मी स्वतःला समजावते. मग डावा हात बघते. तो कोरडा, नेहमीसारखा.

फोन माझा अंगठा ओळखत नाही. चादरीला पुसून पुन्हा लावते, तरी नाही. शेवटी डाव्या हाताने पासवर्ड घालते आणि प्रकल्पप्रमुखांना लिहिते: उंचवटा आपल्या हीटरचा आहे, उद्याचं थांबवा, आकडे पाठवते आहे. पाठवून झाल्यावर लगेच काकूंना फोन लावते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

"काकू, समुद्र नाही. आमची चूक झाली. तिथे पाणीच नाही."

काकू रागावत नाहीत. रडत नाहीत.

"मग हे कुठं आहेत गं?" त्या विचारतात.