शेवटची बाटली
पंपावर पेट्रोलचा वास आला की मला सिरोंच्याच्या रस्त्यावरची एक बाटली आठवते. मेव्हण्याने सुपरचार्जरवाली, भन्नाट पळणारी गाडी घेतली होती. हळू चालवली तर चांगलं एव्हरेज देते, असं तो आलापल्लीपासून सांगत होता, आणि सरळ रस्ता दिसला की सागाची वाळकी पानं उडवत पाय दाबत होता. गाडीच्या किमतीत अक्कल मिळत नाही. जंगलातल्या एका गावाजवळ टाकी कोरडी पडली. तिथल्या किराणा दुकानात पेट्रोलची एकच बाटली उरली होती. दुकानातली बाई म्हणाली, "हे इकाची नाई, भाऊ. कोणाले दवाखान्यात न्या लागलं त ठेवली हाये. एव्हरेज किती देते तुमची गाडी?" "चार," मेव्हणा पुटपुटला. "मंग गाडीत नाई ओतत. आमच्या मालकाच्या फटफटीत ओतते. त्यायच्या मांगं बसा, पंपावरून पेट्रोल आना, आन् पह्यले बाटली भरून द्या." मेव्हणा मांडीवर डबा घेऊन परत आला, सगळा डबा गाडीत रिकामा केला आणि ऐटीत इंजिन गुरगुरवलं. बाटली ओट्यावर रिकामीच होती. मेव्हण्याला मी अजून नालायक म्हणतो. पण तेव्हा दार उघडून मुकाट्याने त्याच्या शेजारी बसलो होतो.