रीत पडली ती अशी

आमच्याकडं ‘रीत’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. पाहुणा चहा न घेता उठला, रीत न्हाई. लेक मोकळ्या ओटीनं सासरी निघाली, रीत न्हाई. शिकलेली माणसं परंपरा म्हणतात, पण ती भाषणातली. रीत घरातली. आणि एकदा का कुणी ‘आपल्यात रीत न्हाई’ म्हटलं, की पुढं बोलायची सोयच नाही. मी मात्र बोलले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आम्ही चौघी बहिणी, पाठीला भाऊ नाही. वडलांच्या माघारी मुरुडची शेती मी बघितली. धाकटीचा नवरा गेला तेव्हा तिची लेक माझ्याकडंच वाढली, शिकली, नोकरीला लागली. तिचं लग्न नांदेडच्या मुलाशी ठरलं. आता नवरीला मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मान मामाचा. सख्खा नसला तर चुलत. आमचा चुलतभाऊ त्यासाठी कडक इस्त्रीचे कपडे घालून आलाही होता.

पोरगी हळदीच्या अंगानं म्हणाली, “माझ्या मागं मावशी उभी राहील. न्हाईतर मी खोलीतून निघतच न्हाई.”

धाकटी रडायलाच लागली. “आक्का, समजाव की हिला! लोक काय म्हणतील?”

लोक म्हणालेच. नवरदेवाची आत्या तरातरा आली. “मामाच्या जागी बाईमाणूस? आमच्यात अशी रीत न्हाई.”

“आमच्यात बी नव्हती,” मी म्हटलं.

“मग?”

“विहीणबाई, पहिलं गडीमाणसं जेवून उठायची, मग बाया बसायच्या. ती बी रीतच होती ना? आज सकाळी उपम्याची पहिली प्लेट तर तुम्हीच घेतली!”

त्यांच्याच बाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्या म्हणाल्या, “लई बोलती बाई ही.” पण तिथून हलल्या नाहीत, हेही खरं. त्या बघत होत्या माझ्या चुलतभावाकडं. मान त्याचा. तो रुसला असता तर पोरीच्या लग्नात भांडण, आणि ते मला नको होतं. मी त्याला म्हटलं, “तू नको म्हटलास तर मी मागं सरते. पण ही पोर माझ्या हाताखाली वाढली.”

तो मग म्हणाला, “आक्का, ती मला रस्त्यात भेटली तर वळखायची न्हाई. तूच जा.” आणि फेटेवाल्याला हाक मारली, “ए, मामाचा फेटा हिला बांध.”

“अंबाड्यावर कसा बसंल ओ?” फेटेवाला म्हणाला.

“बसव कसा बी!”

आमच्याकडं म्हणतात, रीत पडते. म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा पाडावी लागते, असं मला तरी वाटतं. भटजींनी “मुलीचे मामा, मुलीला आणा” असं पुकारलं. पुरुषांच्या बाजूला एकदम गलका झाला. मी पोरीच्या दंडाला धरलं आणि निघाले. फेटा डाव्या कानावर घसरलेला.

“मावशे, हळू चाल. फेटा पडंल.”

“पडू दे की. मी न्हाई पडत.”