मूळचा रंग

काल एक माणूस जुनी मोटार दाखवायला आमच्या अंगणात घेऊन आला. नवऱ्याला ती अठरा वर्षांच्या लेकीची पहिली गाडी म्हणून हवी होती. मी दार उघडलं आणि तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा वास नाकात शिरला. माझं डोकंच फिरलं.

गाडी शिकले तेव्हा मीही अठराचीच होते. गोव्यातल्या पार्से गावच्या माझ्या काकांनी त्यांची लाडकी जुनी मोटार मला शिकायला दिली होती. "अशी गाडी आता मिळाची नाय," ते येईल त्याला सांगायचे. डिचोलीच्या उतारावर माझ्यापुढे खनिजाचा ट्रक होता. मी ब्रेक दाबला, तो सरळ तळाला गेला. सीटला पट्टा नव्हताच. ट्रक टाळायला चाक वळवलं आणि गाडी लाल मातीच्या दरडीवर आदळली. कपाळ स्टिअरिंगवर फुटलं, तोंडात रक्त आणि धूळ.

मागून स्कूटरवर येणारे काका धावत आले ते बॉनेटपाशी. चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "मूळचो रंग होतो गे." कपाळाला ओढणी दाबून मी त्यांची माफी मागितली.

त्या माफीचा मला आजही संताप येतो. ब्रेक सैल असल्याचं काकांना ठाऊक होतं. "दोनदा दाबूक लागता, इतक्याच," असं नंतर ते हसत सांगायचे. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

"किती देखणी आहे बघ," नवरा म्हणाला.

"हिच्यात एअरबॅग कुठे आहे, ती दाखव."

नवऱ्याच्या हातातली किल्ली घेऊन मी त्या माणसाला परत दिली. लेक कालपासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल कधीतरी, तोवर बसने जाऊ दे.