अप्पांची डबी आणि छातीचा स्कॅन

"आजार आहे, यात शंका नाही. पण किती आहे, ते या फोटोंवरून मोजता येत नाहीये," धाराशिवचे छातीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फुफ्फुसांवर पांढरे फटकारे उमटले होते. "हे आजाराचे नाहीत. छातीवर धातू होता. गळ्यात काय होतं?"

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. मी कपाळाला हात लावला.

आम्ही लिंगायत. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. लहानपणी दीक्षेत मिळालेलं ते लिंग शेवटपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. स्कॅनच्या वेळी "गळ्यातलं काढा" म्हटल्यावर अप्पांनी घड्याळ काढून दिलं आणि डबी गुपचूप बनियनच्या आत सरकवली. स्कॅन करणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं, पण अप्पा बधेनात, तेव्हा त्यानं गर्दीत तसाच स्कॅन उरकला.

कळंबला अप्पांची धान्याची आडत आहे. त्यांचा कोरडा खोकला आम्ही कितीतरी वर्षं धुळीच्या नावावर खपवला. मग जिन्यावर धाप लागू लागली. पूजेतल्या स्तोत्राची ओळ एका दमात म्हणता येईना, तेव्हा कुठं ते दवाखान्यात यायला तयार झाले.

आजाराचं नाव इंटरस्टिशिअल लंग डिसीज. यात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांभोवतीचा पडदा जाड आणि निबर होत जातो. डॉक्टर त्याला जाळी म्हणत. एचआरसीटी हा छातीचे पातळ काप दाखवणारा स्कॅन. जाळीनं किती जागा व्यापली ते त्यात कळतं आणि पुढचा स्कॅन शेजारी ठेवला की ती वाढली का तेही कळतं. अप्पांचं औषध त्यावरच ठरणार होतं, म्हणून डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा करायला सांगितला.

"अप्पा, घटकाभर डबी काढा ना," मी बाहेरच्या बाकावर म्हटलं.

"न्हाय. मातीत जाताना बी हे माज्या संगंच येणार. मग घटकाभरासाठी कशाला सोडू?"

"आणि तुम्ही लवकर मातीत गेलात म्हणजे?" बोलले आणि मलाच रडू फुटलं. मी शाळेत शिक्षिका, सगळ्या वर्गाला दटावणारी. तिथं सगळ्यांसमोर हुंदके देत होते.

"रडू नको माय," अप्पा म्हणाले. पण डबीवरचा हात त्यांनी काढला नाही.

मी उठून स्कॅन करणाऱ्या मुलीला विचारलं, "आत झोपल्यावर हात कुठं ठेवायचे असतात?"

"डोक्याच्या वर. छातीच्या फोटोत हात यायला नकोत."

मी अप्पांकडे परत आले. "रोज पूजेला लिंग कुठं घेता?"

अप्पांनी डावा तळहात उघडला. त्याकडे बघता बघता त्यांच्याही लक्षात आलं: डबी मुठीत धरली तर ती अंगालाच राहणार आणि छातीवरही येणार नाही.

"चालेल की," ती मुलगी म्हणाली. "मुठीत घट्ट धरा काका. फक्त हात खाली आणायचा नाही." मी काचेआडून बघत होते. यंत्र सांगायचं, श्वास घ्या, रोखून धरा. एकदा खोकला आला, दुसऱ्यांदाही आला. मग जमलं. मूठ मात्र हलली नाही.

या वेळचे फोटो स्वच्छ आले. जाळी दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी होती. "झालेलं भरून येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढचं थोपवायचं." औषध सुरू झालं, श्वासाचे व्यायाम सुरू झाले. धूळ टाळायची म्हणून आडत माझ्या भावानं घेतली. त्यावर अप्पा महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

वर्षानं पुन्हा स्कॅन झाला. कुणी सांगायच्या आधीच अप्पांनी मूठ डोक्यावर नेली. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावला.

"जेवढी होती तेवढीच आहे."

"म्हंजे बरं झालं व्हय, डाक्टरसाब?"

"बरं नाही, काका. पण वाढलेलं नाही."

"वाढलं न्हाय ना? मग लई झालं."

तुमच्या माणसाच्या गळ्यात किंवा दंडावर असं काही असेल तर लपवू नका. आधी सांगा, विचारा. बहुतेकदा वाट निघते. आमची निघाली, त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

अप्पा आता स्तोत्राची ओळ दोन दमांत म्हणतात. मध्ये थांबतात, तेव्हा स्वयंपाकघरात मीही श्वास रोखून उभी असते. मग पुढचा शब्द ऐकू येतो आणि मी पोळी उलटते.